आवरलेले पाळणाघर

पाळणाघराचा वास मी रोज अंगावर घेऊन घरी जाते. उतू गेलेले दूध, नाचणीची पेज, टाल्कम पावडर, ओल्या दुपट्यांचा नाकात चढणारा दर्प आणि या साऱ्यावर फिनाइलचा चुरचुरता थर. माझे शिक्षण कवितेत झाले. काही वर्षे महाविद्यालयात मी कविता शिकवलीही. प्राजक्ताच्या देठाला, तापल्या मातीला, जुन्या कागदाला शब्द शोधण्यात माझे तारुण्य गेले. या वासाला मात्र मी शब्द शोधला नाही. बाहेर पडताना पदर झटकायचा आणि झटकताना कोणी पाहिले नाही ना, याची खात्री करून घ्यायची, एवढेच मी करत आले.

नाशिकला अंबडच्या कारखान्यांमागे एका इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या महिला सहकारी संस्थेचे हे पाळणाघर चालते. दोन खोल्या, एक स्वयंपाकाचा कोपरा आणि मागे गल्लीत उघडणारे दार. पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधी बायका येतात. कोणी विजेच्या पॅनेलच्या कारखान्यात तारा जोडते, कोणी औषधांच्या पट्ट्या खोक्यांत भरते, कोणी सुटे भाग तपासते. मूल कडेवरून उतरवायचे, डबा फळीवर ठेवायचा, मागे वळून न पाहता गेटकडे धावायचे. मागे पाहिले तर मूल रडते, हे त्या पहिल्या आठवड्यातच शिकतात.

संस्थेच्या अध्यक्ष काकू. त्या मूळच्या सायखेड्याच्या, उभी हयात अंगणवाडीत गेलेली, आवाज असा की वरच्या मजल्यावरचे लोकही दचकावेत. मुलांना सांभाळायला दोन-तीन बायका आहेत, पण खरा कारभार आपाचा. आपा जुन्या नाशकातली. तिच्या मांडीवर कोणतेही मूल झोपते आणि तिच्या जिभेपासून कोणीही मोठे माणूस सुटत नाही. मी सचिव. ठराव, अर्ज, भाषणे, म्हणजे जिथे नीटस मराठी लागते तिथे मी.

या वर्षी घरमालकाने ती जागा विकली आणि दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायला सांगितले. संस्थेकडे जवळच एक मोकळा भूखंड होता, पण त्यावर गवताखेरीज काही नव्हते. शहरातल्या बँकांमध्ये आम्ही गेलो. तिथले प्रश्न सगळीकडे सारखेच होते. तारण काय, उत्पन्न काय, जामीन कोण. पाळणाघराचे उत्पन्न काय सांगणार? आमच्या दाराशी रोज जे तयार होते ते दुसऱ्याच्याच कारखान्यात जाऊन नोंदले जाते. आई आठ तास निर्धास्तपणे काम करते, तेच आमचे पीक.

मग काकूंनीच विभागीय विकास बँकेचे नाव काढले. सायखेड्याला त्यांच्या माहेरच्या मळ्याजवळ भाजी निवडून, थंड करून पाठवायची एक शेड उभी राहिली होती, ती या बँकेच्या कर्जातून. काकू त्या शेडबद्दल देवळाबद्दल बोलावे तशा बोलत. "आमच्या भावजया आधी दुसऱ्याच्या वावरात उन्हात वाकायच्या," त्या म्हणाल्या. "आता सावलीत बसून टमाटे निवडतात. पगार खात्यात पडतो. धाकटीनं तर पोरीला नाशकात कॉलेजात घातली. ती बँक म्हनं पैसे देताना इचारते, की ह्याच्यानं कोनाचं काय बदलंल."

मी त्या बँकेच्या कार्यालयात जाऊन बसले, माहिती घेतली, आणि माझ्या लक्षात आले की काकूंनी एका वाक्यात सांगितले ते खरेच होते. अशी बँक एकट्यादुकट्याच्या सोन्यावर पैसे देत नाही. ती रस्ता पाहते, पाणी पाहते, शीतगृह पाहते. पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी बायकांनी आंब्याचा गर काढायचे यंत्र मागितले तर तेही पाहते. ज्या गोष्टींपासून नफा उशिरा येतो, किंवा येतो तो दुसऱ्याच कोणाच्या घरात येतो, अशा गोष्टींना ती पैसा देते आणि इमारत उभी राहून चालू लागेपर्यंत परतफेडीला सवड देते. घाई नसलेला पैसा मी प्रथमच पाहत होते. मात्र त्यांची एक अट होती. त्यांचा माणूस येऊन पाहणार. गरज आहे की नाही, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार.

गरज दाखवायची, या कल्पनेपाशीच आम्ही अडखळलो असे आता वाटते. आमच्या घरांत गरज झाकायला शिकवतात. पाहुणे यायचे म्हटले की वाळत घातलेले कपडे काढायचे, गादीवरचा डाग चादरीखाली घालायचा, खोकणाऱ्या म्हाताऱ्याला आतल्या खोलीत बसवायचे, लहान मुलांना शेजारी पाठवायचे. पाहुण्याने विचारले, "त्रास तर नाही ना झाला?" की घरात साखरेचा कणही नसला तरी म्हणायचे, "छे, कसला त्रास." मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात तर या कलेचा उत्कर्ष असतो. आम्ही साऱ्याजणी त्या कलेत तयार झालेल्या.

बँकेच्या मॅडम येणार, असे कळले त्या संध्याकाळी आम्ही बसलो. काकू म्हणाल्या, "उद्या पोरं नकोत. एकानं जरी चड्डीत केलं तर काय तोंड दाखवायचं?"

मी मान डोलावली. नाकाला आधीच सुटका झाल्यासारखे वाटले होते, हे कशाला लपवू.

आपा भिंतीला टेकून दुपट्यांच्या घड्या करत होती. "बँकेची बाई येतेय का मुलगी बघायला?" ती म्हणाली. "पोहे करणारच आहात. भिंतीला पैठणी पण नेसवा. मुंडावळ्या मी आणते."

"तू गप. तुला काय कळतंय," काकू म्हणाल्या.

"मला नाहीच कळत. कळलं असतं तर मी कशाला लोकांची पोरं धूत बसले असते?" आपा घडी करतच राहिली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

आया मुले न्यायला आल्या तेव्हा काकूंनी दारातच सांगितले की उद्या पाळणाघर बंद. कोणीही कुरकुर केली नाही. आपल्याच इमारतीचे काम आहे, करू सोय, असे म्हणून सगळ्या गेल्या. एक तेवढी थांबली. ती नांदगावकडची, पॅनेलच्या कारखान्यात नवी लागलेली. दीड वर्षाची मुलगी तिच्या कडेवर नेहमीप्रमाणे झोपलेली होती, तोंडाची लाळ आईच्या निळ्या कोटावर. कायम होण्याआधीच्या मुदतीत तिची रजा चालत नव्हती. शिवाय सासूचा निरोप होता: पाळणाघराचे काही खरे नाही असे ऐकते, पोरीला इकडे नांदगावला आणून टाक, आम्ही वाढवू. तिने ते मला आधी सांगितले होते. आमच्या इमारतीचे जमले नाही तर दिवाळीनंतर पोर तिकडे जाणार होती आणि आई इकडे राहणार होती. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा भेट.

"ताई, उद्या अर्धा वेळ तरी?" तिने विचारले.

"उद्याचाच दिवस गं," मी म्हणाले. "तुझ्याचसाठी तर चाललंय सगळं."

ती म्हणाली, "हो ना. शेजारणीला विचारते," आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती खोली अशी आवरली की मला स्वतःला ती ओळखू येईना. गोधड्या उचलून स्वयंपाकाच्या कोपऱ्यात कोंबल्या. झोळ्या सोडल्या. पाण्याची प्लास्टिकची टाकी पडद्याआड गेली. फरशी इतकी घासली की तिचा मूळ रंग राखाडी नसून हिरवट असल्याचे पहिल्यांदा कळले. दसऱ्याच्या उरलेल्या झेंडूंची तोरणे लावली. मी उंबऱ्यात रांगोळी काढली, ठिपक्यांची, नाजूक, पांढऱ्यात जरासा गुलाबी. कोपऱ्यांत धूप लावला, भरपूर. माझ्या मनात एक शांत, सुगंधी, प्रसन्न वास्तू होती आणि मी ती जशीच्या तशी उतरवली. काम झाल्यावर मी मधोमध उभी राहिले आणि सहज काही बोलले, तर आवाज भिंतींवरून परत आला. गोधड्या गेल्यावर खोली घुमू लागली होती. त्या घुमण्यात काहीतरी चुकत होते. ते मला ऐकू आले होते. कानांना कळलेले मनाने पुढे नेले नाही, एवढेच.

मॅडम आल्या त्या साध्या सुती कुडत्यात, पायांत धुळीने भरलेल्या चपला, नाक सर्दीने लाल. रांगोळी चुकवून आत आल्या. मी लिहून आणलेले वाचून दाखवले. बालकांचा सर्वांगीण विकास, महिलांचे आर्थिक स्वावलंबन, कुटुंबाचे स्थैर्य. वाक्ये चांगली होती. त्यात कुठे एक ओला लंगोटही नव्हता. त्यांनी ऐकून घेतले, भिंती पाहिल्या, पोह्यांना नको म्हणाल्या, चहा घेतला. मग विचारले, "मुलं कुठे आहेत?"

"आज सुट्टी दिली," काकू म्हणाल्या. "तुम्ही येणार म्हणून."

"मग आज त्यांच्या आयांनी काय केलं?"

आणि काकूंनी हात जोडून, शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, घरच्या वळणाचे उत्तर दिले. "काही नाही मॅडम. कुणाचीच अडचण झाली नाही. केली सगळ्यांनी आपापली सोय."

मीही म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे एक दिवस हे बंद राहिलं तर चालतं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. हिशेब करणाऱ्या माणसाने एक ओळ पुढे सरकवावी तसे ते वाक्य होते. बोलायला हवे होते. पण काय बोलायचे? अडचण झाली म्हणावे तर यजमानीण खोटी ठरते, नाही झाली म्हणावे तर पाळणाघर फुकट ठरते. माझ्याजवळ कागदभर शब्द होते आणि या दोहोंच्या मधल्या जागेसाठी एकही नव्हता.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. मी गेले, दार जरासे उघडले. ती नांदगावची उभी होती, निळा कोट, कोटाला तारांना डाख दिल्याचा जळका वास, कडेवर मुलगी. मुलीचे कपडे खराब झालेले. ऑक्टोबरचे ऊन गल्लीत पांढरे पेटले होते.

"शेजारीण दवाखान्यात गेली ताई, तिच्या मुलाला लागलं," ती धापा टाकत म्हणाली. "मी जेवणाच्या सुट्टीत गेटमधून आलेय. पाहुणे गेले असतील वाटलं. हिला आपाकडं देऊन पळते."

"अजून आहेत," मी कुजबुजले. "थोडं थांब ना. गेल्या की लगेच."

तिने होकारार्थी मान हलवली. मी दार लावले. आवाज होऊ नये म्हणून हलकेच, हाताने धरून.

मी परत आले तेव्हा मॅडम शिंकत होत्या. धुपाने त्यांचे डोळे पाणावले होते. "जरा खिडकी उघडता का? मागची," त्या म्हणाल्या. काकू हलल्या नाहीत, मीही हलले नाही. आपा उठली आणि तिने मागची खिडकी दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडली. गल्ली आत आली. उन्हासकट, वासासकट. आणि गजांच्या पलीकडे ती बाई, मुलीच्या डोक्यावर आपला पदर धरून, भिंतीच्या अरुंद सावलीत पाठ लावून उभी.

"या कोण?" मॅडमनी विचारले.

आपा म्हणाली, "यांच्याचसाठी हे सगळं चाललंय."

मॅडमनी तिला आत बोलवायला सांगितले. ती मागच्या दाराने आली, ओल्या फरशीकडे पाहून चपला हातात घेतल्या, आणि धुतलेल्या खोलीत कुठे उभे राहावे हे न कळून दारापाशीच थांबली. मुलीचा वास खोलीभर पसरला. झेंडू आणि धूप त्याच्यापुढे टिकले नाहीत.

"आज पाळणाघर बंद होतं, तुमचं काय झालं?" मॅडमनी विचारले.

तिने उत्तर देण्याआधी आमच्याकडे पाहिले. आधी काकूंकडे, मग माझ्याकडे. काय बोलायचे ते ती आमच्या चेहऱ्यांवर शोधत होती. मग म्हणाली, "काही नाही मॅडम. माझीच जरा गडबड झाली. बाकी यांचं लय चांगलं असतं. काही अडचण नसती."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळदा लाज वाटली आहे. चुकलेल्या वृत्ताची, फाटक्या चपलेची, नवऱ्याच्या मोठ्या बोलण्याची. ती लाज त्वचेवर येते आणि उतरते. ही वेगळी होती. जिचे लेकरू तिच्यापासून तुटायच्या बेतात होते, ती स्वतःच्या विरुद्ध साक्ष देत होती, आमची अब्रू राहावी म्हणून. आणि माझ्या डोळ्यांत पाहून तिने ते उत्तर उचलले होते. मी ते तिथे ठेवलेले होते.

बोलल्या काकू. शुद्ध बोलणे त्यांनी सोडून दिले. "खोटं बोलतीया ती," त्या म्हणाल्या. "आमच्यापायी. आमीच पोरांना हाकललं, मॅडम. वास येतो, हागत्यात-मुतत्यात, तुमी काय म्हनाल म्हनून. रोज हितं पाय ठिवायला जागा नसती. हिची रजा नाय, हिच्या पोरीला सासू न्यायला टपलीया, अन् आमी हिला गल्लीत उनात उभी केली." मग खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या.

आपाने मुलगी घेतली आणि तिथेच, खोलीच्या मधोमध, पाहुण्यांसाठी घातलेल्या नव्या सतरंजीवर तिला बदलायला घेतले. मुलगी पाय झाडत हसली. तिची आई दारातून तशीच उलट पावली निघाली, चपला हातातच. गल्लीतून तिच्या धावण्याचा आवाज आला.

मॅडमनी आम्हांला उपदेश केला नाही. करायला हवा होता, बरे वाटले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "मी पुन्हा येईन. केव्हा ते सांगणार नाही." आणि नाक पुसत निघाल्या.

त्या आल्या त्या एका सकाळी, मुले येण्याच्या भर गर्दीत. एक मूल ओकत होते, दोघे एका गाडीवरून भांडत होते, काकू कोणाच्या तरी आईला उशिराबद्दल झापत होत्या, पेज करपली होती. मॅडम कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या. मी त्यांच्याशेजारी उभी होते. या वेळी माझ्या हातात कागद नव्हता.

कर्ज मंजूर झाले. भूखंडावर पाया खोदला गेला आहे, विटा आल्या आहेत, इमारत होईपर्यंत घरमालकाने मुदत वाढवून दिली आहे; बँक पाठीशी आहे म्हटल्यावर त्याचाही सूर बदलला. दुसऱ्या पाळीच्या बायकांसाठी रात्रीपर्यंत पाळणाघर चालवायचे, असे बँकेने सुचवले आणि आम्ही मान्य केले. शेजारच्या कारखान्याने त्यामुळे आणखी बायका घेतल्या. मुलगी नांदगावला आजीकडे पाठवली गेली नाही. पैसा अशी कामे करू शकतो हे मी या डोळ्यांनी पाहते आहे. संस्थेच्या सभेत सांगतेही.

सभेत सांगत नाही ते हे की त्या दुपारी ती गेटवर उशिरा पोहोचली. नोंद झाली. तिच्याबरोबर लागलेल्या दोघी कायम झाल्या. तिला कायम न करता तिची मुदत वाढवली. मी कारखान्याच्या अधिकाऱ्यांना भेटले, संस्थेच्या वतीने विनंती केली, माझ्या चांगल्या मराठीत. त्यांनी सौजन्याने ऐकले आणि नियम सांगितला. हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "जाऊ द्या ताई. होईल पुढल्या वेळी." तिच्या आवाजात राग शोधला. सापडला नाही. सापडला असता तर मला धरायला काहीतरी मिळाले असते.

आता रोज सकाळी ती येते, पुढच्या दाराने, मुलगी कडेवर, डबा हातात. इतर आया थेट आत शिरतात. ती उंबऱ्याशी थांबते. आधी फरशीकडे बघते, मग कोपऱ्यांकडे, मग माझ्याकडे.

"आज कुणी येणार नाही ना?" ती विचारते.

"नाही," मी म्हणते. "ये आत."

मगच ती पाऊल टाकते.